खिडकीजवळचा माग

आमच्या ह्यांनी नामजप सुरू केला आणि गल्लीतली दोन कुत्री उठून पलीकडच्या गल्लीत राहायला गेली. मी वाढवून सांगत नाही, शेजारच्या राजाबाईंना विचारा. ह्यांचं नाव निंगप्पा. आयुष्य यंत्रमागाच्या कारखान्यात गेलं, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेल विणण्यात. मागांच्या खडखडाटात राहून राहून कान निम्म्याहून जास्त गेलेले. त्यामुळे आपण किती मोठ्यानं बोलतोय हे त्यांना कळत नाही, आणि देव किती लांब आहे हे तर कुणालाच माहीत नाही. म्हणून ते अंदाजानं जरा जास्तच आवाज लावायचे. सकाळी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून ओसरीवर बसले की 'ओम नमः शिवाय' असं निघायचं, जसं कुणी पत्र्यावर नारळ फेकून मारतंय.

पण त्या आधीचं सांगायला पाहिजे. नाहीतर तुम्हाला वाटेल हा माणूस भक्त होता. भक्त वगैरे काही नव्हता. सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला, जायचा, पण भजी खायला.

झालं असं, की कारखान्याच्या शेठनं जुने माग भंगारात काढले. नवीन माग आले, त्यांना माणसं कमी लागतात. ह्यांना हार घातला, एक शाल दिली, आणि घरी पाठवलं. घरी आले त्या दिवशी दुपारी मी ताट वाढलं, कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. भाकरी मोडता मोडता ह्यांचा हात थांबला. मान वर करून ऐकायला लागले.

"कुटं चालू हाय गं?" म्हणाले.

मी विचारलं, काय चालू आहे?

"माग."

आमच्या गल्लीत माग नाही. मी तसं सांगितलं. ते उठले, दारापर्यंत गेले, मागच्या मोरीकडं जाऊन आले. मग ताटावर बसले आणि म्हणाले, "खिडकीजवळचा हाय."

खिडकीजवळचा म्हणजे त्यांचा स्वतःचा. इतकी वर्षं त्याच मागावर उभे राहिले होते. त्याचा एक बोल्ट कायम ढिला असायचा, त्यामुळे सूत नेणारा धोटा इकडून तिकडं गेला की शेवटी एक जास्तीचा ठोका पडायचा. तो ठोकासुद्धा ऐकू येतोय म्हणाले. भंगारवाल्यानं बाकी सगळे माग नेले आणि हा एक ह्यांच्या कानात ठेवून गेला.

मला आधी हसू आलं. त्यांनाही आलं. कुणी भेटलं की सांगायचे, रिटायर झालो पण शेठनं एक मशीन घरी दिलंय. महिनाभर हा विनोद चालला. मग विनोद संपला आणि माग चालूच राहिला.

रस्त्यावर, बाजारात, भांडीकुंडी वाजत असली की जरा बरं असायचं. घर शांत झालं की खिडकीजवळचा सुरू. पिठाच्या गिरणीत दळण आणायला गेले की यायचं नाव काढायचे नाहीत. दळून झालेला डबा मांडीवर घेऊन तिथंच पोत्यावर बसलेले असायचे. गिरणीवाला मला म्हणाला, काकू, काकांचं घरात भांडण झालंय का? झोप गेली. मग जेवण गेलं. अंगावरचा सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसायला लागला.

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी कानात बॅटरी मारून बघितलं, हेडफोन लावून तपासलं, आणि म्हणाले की आतली नस मेली आहे, आवाज बाहेर नाही, डोक्यात आहे, ह्याला औषध नाही, सवय करून घ्या. सवय करून घ्या हे वाक्य मला माहीत आहे. ते मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूनं सांगितलं होतं. मग कानाचं मशीन घेतलं. मशीन घातल्यावर बाहेरचं सगळं आत आलं, राजाबाईंचा मिक्सरसुद्धा, पण एकटं बसलं की आतलं काही कमी होईना. ह्यांनी ते काढून साखरेच्या डब्यात ठेवलं. का साखरेच्या, विचारू नका. मुंग्या झाल्या त्याला.

लसणाचं तेल झालं, रुईचं पान झालं. कुणी सांगितलं, गाढवाच्या कानात जाऊन आपलं दुखणं सांगायचं, म्हणजे ते गाढवाला जातं. गाढव मिळालं नाही, नाहीतर आम्ही तेही केलं असतं.

तेव्हा आमची सून दिपाली पुढं झाली. दिपाली इंग्लिश मीडियमच्या नर्सरीत टीचर आहे. स्वभावानं गोड, पण सगळ्यांशी तीन वर्षांच्या मुलांशी बोलल्यासारखं बोलते. ती दर गुरुवारी एका नामसाधना मंडळात जायची. म्हणाली, "मामा, तुम्ही ना, सगळं शिवावर सोडून द्या. टोटल सरेंडर. दुःख आपलं नाहीच म्हणायचं, त्याचं म्हणायचं."

मी म्हटलं, अगं, ह्यांनी आयुष्यभर दुसऱ्याचाच माग चालवला, आता कानातला तरी स्वतःचा म्हणू दे. तिनं माझ्याकडं बघितलं, नर्सरीत पेन्सिल खाणाऱ्या मुलाकडं बघावं तसं.

तर अशी जपाची सुरुवात झाली, आणि कुत्री गेली. मुलगा अमरेश चिंचोळीला कंपनीत आहे, पाळी करून यायचा आणि उशी डोक्यावर घेऊन पडायचा. राजाबाई भिंतीपलीकडून विचारायच्या, "रत्नम्मा, महादेव आला का गं? आला आसंल तर जरा बसवून घे की, म्हंजे हे गप बसतील." मी म्हणायचे, यायला निघालेत, वालचंद कॉलेजपर्यंत आलेत.

हसत होतो आम्ही. घरात असं माणूस असलं की हसावं लागतं, नाहीतर दोघं वेडी होतात.

मग दिपाली त्यांना मंडळात घेऊन गेली आणि मी सोबत गेले, कारण ह्यांना कुणी काय बोललं ते मीच समजावून सांगते. मंडळाचा हॉल कारखान्यांच्या रांगेतच आहे, पूर्वी तिथं चादरींचं गोडाऊन होतं. एका बाजूला पुरुष, समोर बायका, मधे सतरंजीची वाट. मंडळ चालवतात ते सिद्धराम सर, शाळेतले रिटायर पीटी मास्तर. गळ्यात रुद्राक्ष आणि त्याच्याच शेजारी शिट्टी. सुरुवात करायची तर शिट्टी, आरतीला उठायचं तर शिट्टी. पाया पडतानासुद्धा माणसं रांगेत, हातभर अंतर ठेवून. देवाला अशी शिस्त आवडत असावी, कारण तो काही बोलत नव्हता.

पहिल्या गुरुवारी ह्यांनी आवाज लावला आणि तबलेवाला चुकला. दुसऱ्यांदाही चुकला. सगळ्यांचा जप एका चालीत आणि ह्यांचा मागाच्या चालीत, शेवटी तो जास्तीचा ठोका धरून. सर जवळ आले आणि फार प्रेमानं म्हणाले की निंगप्पा अण्णा, तुमच्यासारख्यांनी आता पुढची पायरी घ्यावी, मानसजप करावा, मनातल्या मनात, ओठ हलले तरी चालतील. मी ह्यांना समजावून सांगितलं. ह्यांनी मान डोलावली. तबलेवाल्यानं हात जोडले, देवाला का सरांना ते कळलं नाही.

तेव्हापासून हे डोळे मिटून बसायचे आणि नुसते ओठ हलायचे. चेहरा असा व्हायचा की बघवत नसे. कधी डोळ्यांतून पाणी यायचं. बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या, बघा कसा भाव आहे. सरांनी एका गुरुवारी माईकवर सांगितलं की शरण जाणं कशाला म्हणतात ते ह्यांच्याकडं बघून शिका. दिपालीला तर इतका आनंद झाला की तिनं मोबाईलवर फोटो काढून पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकला.

आता कारखान्यातली एक गोष्ट सांगते, जी बाहेरच्यांना माहीत नसते. माग चालू असताना तिथं शेजारच्याचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं ओठ बघून बोलतात. आवाज काढतच नाहीत. मीही त्याच कारखान्यात कांड्या भरायला होते, म्हणजे धोट्यात घालायच्या सुताच्या गुंडाळ्या करायला. मी ह्या टोकाला, हे त्या टोकाला खिडकीजवळ, मधे सगळे माग. आमचं सगळं बोलणं त्या गोंगाटावरून, ओठांनी व्हायचं. आज जेवायला काय आणलंय, इथपासून तुझा भाऊ लबाड आहे, इथपर्यंत. आमच्या संसारातली निम्मी भांडणं बिनआवाजाची झाली आहेत. आणि नको ते लाडिक बोलणंही एकदा सगळ्यांसमोर झालं, तेव्हा मुकादम दुसरीकडं बघत होता असं मला वाटलं. बघत नव्हता तो दुसरीकडं.

तर एका गुरुवारी मला समोर जागा मिळाली, अगदी ह्यांच्या तोंडासमोर. डोळे मिटायचे होते, पण मला मिटून बसायला जमत नाही, डुलकी लागते. मी ह्यांच्या ओठांकडं बघत बसले. बघता बघता माझ्या लक्षात आलं की हे 'ओम नमः शिवाय' म्हणतच नाहीत.

हे म्हणत होते, "शेठ, बंद कर की."

मी नीट बघितलं. "बंद कर शेठ. दिवसपाळी पन तुजीच, रात्रपाळी पन तुजीच. सुट्टी न्हाई व्हय तुज्या कारखान्यात? येक बोल्ट ढिला हाय त्यो तरी आवळ. साकु माडप्पा." ह्यांची आई अक्कलकोटच्या पलीकडची, कानडी बोलायची. फार दुखलं खुपलं की ह्यांच्या तोंडात कानडी येते. साकु माडप्पा म्हणजे पुरे कर रे बाबा.

मला इतकं हसू आलं की पदर तोंडात धरावा लागला. शेजारची म्हणाली, रडू नका काकू, मोकळं होऊ द्या. मी आणखी हसले. सगळा हॉल ज्याला समाधी म्हणत होता ती खरी म्हणजे तक्रार होती, आणि तीसुद्धा महादेवाला शेठ करून. चला, म्हटलं, ह्या माणसानं निदान देवाला खरा पत्ता तरी लावला.

आणि मग त्यांच्या ओठांवर पुढचं आलं.

"न्हाई तर मलाच बंद कर."

ते एकदाच म्हणाले नाहीत. तेच पुन्हा, तेच पुन्हा. बाकीचं सगळं गळून पडलं आणि तेवढंच राहिलं. मलाच बंद कर. मलाच बंद कर. त्याला चाल होती. शेवटी तो जास्तीचा ठोका होता.

पदर माझ्या तोंडातच राहिला.

घरी जाताना रिक्षात दिपाली म्हणाली, "आत्या, आज मामांचा चेहरा किती शांत होता ना." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? अमरेशला सांगितलं असतं तर तो परत डॉक्टरकडं नेणार, दिपालीला सांगितलं असतं तर ती परत देवाकडं. दोन्ही ठिकाणी आम्ही जाऊन आलो होतो. मी एवढंच केलं, ह्यांच्या झोपेच्या गोळ्यांची पट्टी होती ती माझ्या पोलक्यांच्या घडीत ठेवली, आणि ते गच्चीवर गेले की मी वाळवण नसतानासुद्धा वाळवण बघायला वर जायला लागले. ते म्हणायचे, काय गं सारखी वर येतीस? मी म्हणायचे, गार वाटतंय. एप्रिल महिना होता. सोलापुरात एप्रिलमध्ये गच्चीवर गार वाटतं म्हणणारी बाई म्हणजे तिच्याच डोक्यात काहीतरी झालेलं असणार.

त्याच महिन्यात मंडळाचा अखंड शिवनाम सप्ताह आला. सप्ताहात नाम थांबवायचं नसतं. वीणा एकदा गळ्यात घेतली की ती खाली टेकवायची नाही, एकानं दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, आणि आठवडाभर रात्रंदिवस नाम चालू. त्यासाठी पहारे लावतात. सरांनी पहारे असे लावले होते की मिलिटरीनं शिकावं. फक्त एक गोष्ट त्यांच्या हातात नव्हती. आमच्या भागाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी. दुसऱ्या दिवशी बायकांचा पहारा ऐन रंगात आला आणि कुणीतरी दारातून नुसतं "पाणी आलं" म्हणालं. हॉलमध्ये सर, वीणेकरी आणि एक आंधळी आजी एवढेच उरले. आजीला सून घेऊन जायला विसरली होती म्हणून ती उरली. त्या तिघांनी नाम धरून ठेवलं. सर नंतर म्हणाले, देवानं परीक्षा घेतली. मी म्हटलं, घेतली, आणि माझी टाकीपण भरली.

ह्यांनी दुपारचा पहारा मागून घेतला. दुपारचा कुणाला नको असतो. वर पत्रा, बाहेर ऊन, माणसं पेंगतात. सरांना वाटलं केवढी निष्ठा. मला माहीत होतं काय आहे ते. माईकजवळ, वीणा गळ्यात घालून, पिंडीकडं तोंड करून उभं राहिलं की शेठच्या कानावर जास्त नीट जाईल, असा त्यांचा हिशेब होता.

मी रोज त्या पहाऱ्याला समोर जाऊन बसायचे. ह्यांचे ओठ बघायला. दुसऱ्या कुणी नाम मोजलं असेल, मी तेवढं एकच वाक्य येतं का ते बघायचे. रोज यायचं.

सप्ताह संपत आला त्या दिवशी सकाळपासून सगळ्या एमआयडीसीची लाईट बंद होती, कसली तरी दुरुस्ती. कारखाने बंद म्हणजे माणसं मोकळी. हॉलमध्ये इन्व्हर्टर होता, पंखे होते, मठ्ठा होता. दुपारी हॉल गच्च भरला. सगळे मागवाले, माग दुरुस्त करणारे जॉबर, कांड्यावाल्या. बनियनवर टॉवेल टाकून आलेले. एरवी न येणारे तेलुगू कारागीरही आले. नाम असं चढलं की पत्रा थरथरायला लागला. सर खुशीत होते, शिट्टी हातात फिरवत होते.

मधोमध हे उभे. वीणा गळ्यात, घाम निथळतोय, डोळे मिटलेले, ओठ चालू. बंद कर शेठ. बंद कर. मी समोर. आणि त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर आधी कधी नव्हतं असं काहीतरी दिसायला लागलं. खूप वेळ सांगून समोरचा ऐकत नाही म्हटल्यावर माणूस शेवटी करतो तसं. त्यांनी उजवा हात डोक्यावर नेला, पंजा उघडला, आणि झटक्यानं खाली आणला.

कारखान्यातली ती खूण आहे. माग बंद.

ओठ दिसत नसले, माणूस लांब असला, तरी ती खूण सगळ्यांना दिसते. आणि तिचा एक नियम आहे, जो पहिल्या दिवशी शिकवतात. खूण दिसली की आधी बंद करायचं, का ते नंतर विचारायचं. कारण बहुतेक वेळा कुणाचा तरी हात अडकलेला असतो.

ह्यांनी ती खूण महादेवाला केली होती. पण महादेवाच्या आणि ह्यांच्या मधे सगळे मागवाले बसले होते.

हॉल थांबला. एका श्वासात. तबला, टाळ, शेकडो तोंडं. दिपाली आणि सरांसारखे बाहेरचे दोन-चार आवाज अर्धं 'शिवाय' पुढं गेले आणि तेही लाजून थांबले. आठवडाभर न थांबलेलं नाम थांबलं, आणि मागवाले उठून उभे राहिले. एकमेकांचे हात बघायला लागले. "कुणाचा हात? कुणाचा हात हाय?" एक जॉबर तर धावत जाऊन इन्व्हर्टरच काढून आला. पंखे बंद पडले.

सरांच्या हातातली शिट्टी खाली पडली. ती पडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला, इतकी शांतता.

मी ह्यांच्याकडं बघत होते. त्यांनी डोळे उघडले. आधी त्यांना काही कळेना. मग थांबलेले लोक दिसले, थांबलेले टाळ दिसले, आणि मी बघितलं, एक क्षणभर त्या माणसाच्या तोंडावर असा उजेड आला, जसा लग्नातल्या फोटोतसुद्धा नाही. त्यांना वाटलं, ऐकलं. शेठनं ऐकलं.

त्यांनी मान तिरकी करून कान लावला.

आणि उजेड गेला. अशा शांततेत तर तो माग सगळ्यात जोरात चालतो, हे मला कळायला हवं होतं आणि मला कळलंही, पण त्यांच्या नंतर. त्यांनी हॉलभर बघितलं आणि मला शोधून काढलं. तेवढ्या माणसांतून, पूर्वी कारखान्यात शोधायचे तसं. आवाज न काढता मला म्हणाले, "रत्ना, बंद न्हाई झालं."

रत्ना म्हणायचं त्यांनी अमरेश झाल्यावर सोडलं होतं.

मला माझ्याबद्दल एक सांगायला हवं. माझा आवाज वाईट आहे. शाळेत मला प्रार्थनेला नुसते ओठ हलवायला सांगायचे. आणि देवाबद्दल माझं मत तुम्हाला आतापर्यंत कळलंच असेल. पण मला पिठाची गिरणी आठवली. मांडीवर डबा घेऊन पोत्यावर बसलेला हा माणूस आठवला. मी उभी राहिले, दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि पंजे गोल फिरवले. चालू करा. आणि तोंड उघडलं.

"ओम नमः शिवाय."

कावळ्यासारखं आलं ते. कुणीतरी हसलं. मी आणखी जोरात म्हटलं, ह्यांच्याकडं बघत, मागाच्या चालीत, शेवटी तो जास्तीचा ठोका पायानं देत. कांड्यावाल्या माझ्याबरोबरीच्या, त्यांनी आधी उचललं. मग मागवाल्यांनी. खूण मिळाली होती, आता चालवायला काय हरकत? जॉबरनं इन्व्हर्टर लावला. पंखे फिरले, माईक कुंई करून उठला, आणि नाम परत चढलं, पण आता सगळा हॉल खिडकीजवळच्या मागासारखा चालत होता, ढिल्या बोल्टासकट. तबलेवाल्यालासुद्धा ती चाल सापडली. बाहेरचा माग इतका मोठा झाला की आतला त्यात बुडाला. ह्यांचे खांदे खाली आले. मी ओठ बघितले. ओठ मिटलेले होते.

नंतर गोंधळ झाला तो वेगळा. सर म्हणाले, अखंड तुटलं, सप्ताह पहिल्यापासून करावा लागेल. कारागीर म्हणाले, तुटलं तर तुटलं, सांधलं की. वाद शास्त्रापर्यंत गेला असता, पण सप्ताहाच्या स्वयंपाकाला आलेल्या राजाबाई हात पुसत आल्या आणि म्हणाल्या की समाप्तीच्या हुग्गीचे गहू भिजत घातलेत, ते काय आठवडाभर थांबत न्हाईत. हुग्गी म्हणजे आमची गव्हाची खीर. सरांनी भिजलेल्या गव्हांकडं बघितलं, पिंडीकडं बघितलं, आणि शिट्टी वाजवली. सप्ताह ठरल्या वेळी संपला. ह्यांना हात का केला असं विचारलं तेव्हा मी परस्पर सांगितलं की डास होता. देवाच्या दारात खोटं बोलले. त्यानं मनावर घेतलं नसावं, हुग्गी चांगली झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. हे पलंगावर छताकडं बघत पडलेले. मी दार लावलं, पंखा मोठा केला, त्यांच्या डाव्या कानाशी, त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी, जाऊन बसले आणि हळू सुरू केलं. ओम नमः शिवाय, पायानं ठोका. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता थट्टा करतील. त्यांनी डोळे मिटले.

देवाचं नाव चांगलं आहे, पण एकच आहे. थोड्या वेळानं मला कंटाळा आला. त्यांचे डोळे मिटलेले, ओठ वाचायला बघणारं कुणी नाही, आणि कानात नुसती घरघर जाणार. मग मी त्याच चालीत माझं सुरू केलं. तुमची बहीण आली की भांडी घासत नाही. साखरेच्या डब्यात मशीन ठेवलं. गड्ड्यातली बांगडी घेऊन देतो म्हणाला, दिली नाही. मला टाकून जायला निघाला होतास, मी बघितलंय, मी सगळं बघितलंय. ठोका. तुझी पाळी संपलेली नाही. ठोका. माझ्या आधी सुटलास तर बघ.

किती वेळ झाला कोण जाणे. श्वास लांब झाला होता. तोंड किंचित उघडं. घोरायला लागले, आणि मला वाटलं जगात ह्यापेक्षा चांगलं वाद्य नाही.

दिपाली शाळेतून आली, दारात उभी राहिली. मी थांबले नाही, डोळे ओले होते ते पुसलेही नाहीत. तिनं पर्स खाली ठेवली, दोन्ही हात जोडले आणि कुजबुजली, "आत्या, किती तल्लीन झालात हो." मी मानेनंच हो म्हटलं, कारण तेव्हा मी नणंदेच्या भांड्यांवर परत आले होते.

ती आत गेली. घसा कोरडा पडला होता. मी तांब्या उचलला आणि पाण्याचा एक घोट घेतला. तेवढ्यात घोरणं थांबलं. ह्यांनी डोळे उघडले नाहीत. ओठ तेवढे हलले, आवाज न काढता, जसे खिडकीजवळून हलायचे.

"चालू दे की," म्हणाले.

मी तांब्या खाली ठेवला.